मदत हवी आहे : ग्रेट एक्स्पेक्टेशन्सचा कुठला शेवट धरू?

नमस्कार मंडळी, टीवायबीएला आहे, डिकन्सची ग्रेट एक्स्पेक्टेशन्स वाचून झाली आणि आता त्यावर स्वतःचं मत लिहून द्यायचंय, गाइडमधलं उतरवलेलं चालणार नाही म्हणे. सुरुवातीला नायक पिप आवडला होता, पण त्याचा लोहार मेव्हणा जो (Joe) लंडनला त्याला भेटायला येतो, बिचाऱ्याची टोपी सारखी खाली पडते आणि ज्याला लहानपणापासून सांभाळलं त्यालाच 'सर' म्हणायला लागतो आणि पिपला मात्र त्याची लाज वाटते, तिथे पिपचा असला राग आला की पुस्तक मिटूनच ठेवलं (खरं सांगू? बाबा कॉलेजात आले होते तेव्हा मीही असाच वागलेलो). लग्न मोडलेल्या मिस हॅविशॅमची बंद पाडलेली घड्याळं वगैरे ठीक, मला जोच भिडला.

अडलंय शेवटापाशी. कादंबरी १८६०-६१ मध्ये साप्ताहिकात क्रमशः आली, आणि लेखक मित्र बुल्वर-लिटनच्या सांगण्यावरून डिकन्सने आधी लिहिलेला शेवट बदलला. आधीच्यात, पिपचं जिच्यावर प्रेम असतं त्या एस्टेलाने दुसरं लग्न केलेलं असतं, ती आणि पिप लंडनच्या रस्त्यावर ओझरती भेटतात आणि संपलं. मला तोच पटतो, बदललेला, दोघं आता एकत्र राहतील असं सुचवणारा, जरा गोडगोड वाटतो. पण आमच्या प्रतीत तो आधीचा शेवट नाहीच, मग त्यावर लिहिलं तर मार्क कापतील का? आणि बाबांचा प्रसंग घालू की नको? सोमवारी द्यायचंय, प्लीज कोणीतरी सांगा.