मदत हवी आहे: जपानी शाळेच्या बुंकासाईसाठी रॉक गाणी निवडायची आहेत

नमस्कार मंडळी,

आम्ही तोक्योत एदोगावा भागात राहतो. लेक यंदा एप्रिलपासून जपानी सरकारी हायस्कूलच्या पहिल्या वर्षात आहे आणि तिथल्या केइओन्बुमध्ये, म्हणजे शाळेच्या बँड क्लबमध्ये गेली आहे. सप्टेंबरमध्ये बुंकासाई आहे. आपल्याकडच्या गॅदरिंगसारखंच, पण मुलं वर्गावर्गात दुकानं मांडतात, नाटकं करतात आणि जिमखान्याच्या स्टेजवर बँड वाजवतात. तिच्या बँडला पंधरा मिनिटं मिळाली आहेत. वायरी जोडणं आणि सूर लावणं त्यातच उरकायचं, त्यामुळे गाणी तीनच. यादी जूनअखेर द्यायची आहे आणि चौघांचं एकमत होत नाही. रोज रात्री जेवताना आमच्याकडे हाच विषय असतो. जपानी रॉक वाजवलेलं किंवा इथल्या शाळांत मुलं असलेलं कोणी असेल तर कृपया लिहा.

बँड असा आहे: लेक गाते आणि साथीची गिटार वाजवते. दुसरी गिटार एका मुलाकडे, तो सहावीपासून शिकतोय आणि चांगला तयार आहे. बास गिटार वाजवणारी बऱ्यापैकी. ड्रमवर जी मुलगी आहे तिने एप्रिलमध्ये पहिल्यांदा काठ्या हातात घेतल्या. माझा प्रश्न मुख्यतः तिच्यासाठी आहे.

शेवटचं गाणं ठरलं आहे, द ब्लू हार्ट्सचं 'लिंदा लिंदा'. 1987 चं गाणं, या मुलांच्या आईवडिलांच्या पिढीचं, पण अजून सगळ्यांना पाठ. सुरुवातीला फक्त गिटार आणि आवाज, संथ, आणि मग सगळी वाद्यं एकदम कोसळतात. त्या क्षणी अख्खा जिमखाना उड्या मारतो म्हणे. 2005 मध्ये याच गाण्यावरून नाव घेतलेला एक चित्रपट आला होता. त्यात बुंकासाईच्या तोंडावर मुलींच्या बँडला गायिका हवी असते आणि त्या एका कोरियन विद्यार्थिनीला घेतात. लेकीने तो पाहिला आणि दुसऱ्या दिवशी हे गाणं सुचवलं. का, ते मी विचारलं नाही, पण मला कळलं.

पहिलं गाणंही जवळपास नक्की आहे: ओकिनावाच्या मोंगोल 800 चं 'चिइसाना कोइ नो उता', 2001 च्या अल्बममधलं. मूळ बँड तिघांचाच, कॉर्ड मोजक्या, आणि कोरस लोक स्वतःहून उचलतात. अडचण वेगाची. ड्रमवालीचा हात मिनिटाला 140 ठोक्यांपर्यंत स्थिर राहतो, मूळ गाणं त्याहून बरंच वेगवान आहे. दुसऱ्या कडव्यापर्यंत तिचं मनगट आखडतं आणि ताल मागे पडतो. 'लिंदा लिंदा'च्या वेगवान भागातही तेच.

म्हणून खरा प्रश्न मधल्या गाण्याचा. गिटारवाल्याला काना-बूनचं 'सिल्हूएट' हवंय. 2014 चं, 'नारुतो शिप्पूदेन' या कार्टून मालिकेचं सुरुवातीचं गाणं, मुलांना तोंडपाठ. पण त्यात ड्रमला श्वास घ्यायला जागा नाही. बासवालीला एशियन कुंग-फू जनरेशनचं 'रीराइट' हवंय, 2004 चं. 2022 मध्ये 'बोच्ची द रॉक' ही मालिका आल्यापासून क्लबातल्या मुलांना या बँडचं वेड आहे, कारण त्यातल्या चार मुलींची आडनावं याच बँडच्या चार सदस्यांची आहेत. 'रीराइट'मध्ये मधेच एक मोकळा, सैल भाग येतो, तिथे हात सावरता येईल असं मला वाटतं. लेक म्हणते चॅटमॉन्चीचं 'शांग्री-ला' घेऊ. 2006 चं गाणं, तोकुशिमाच्या तीन मुलींचा बँड. ते बास ड्रमच्या एकसारख्या धम धम धम धम ठोक्यांवर सुरू होतं. माझं मत स्पिट्झच्या 'चेरी'ला आहे (1996). मध्यम लयीचं, गोड, आणि प्रेक्षकांतल्या आयांनाही येईल असं. पण दोन धडाक्याच्या गाण्यांमध्ये ते मऊ पडेल का?

मी पेटी वाजवते, रॉक वाजवलेलं नाही. पण पट्टीचा एक मुद्दा मला दिसतोय. मोंगोल 800, ब्लू हार्ट्स, 'रीराइट', 'चेरी', सगळी पुरुषांनी गायलेली. लेक मूळ पट्टीत गाते तेव्हा ध्रुवपद नीट बसतं, पण कडव्यातले खालचे स्वर गिटारच्या आवाजात बुडून जातात. वरच्या सप्तकात घेतलं तर किंचाळल्यासारखं होतं. दोन-तीन स्वर वर चढवलं तर? गिटारवाले कॅपो (तारा दाबून पट्टी चढवणारा चिमटा) लावतील, त्यांची बोटं तीच राहतील. बासवालीला मात्र प्रत्येक जागा नव्याने बसवावी लागेल, आणि मूळ गाण्याची छापील नोटेशन तिला तशीच वापरता येणार नाही. (इथे किराणा दुकानातल्या कॉपी मशीनवर सुद्धा एकेका गाण्याची नोटेशन विकत मिळतात. मला त्याचं फार अप्रूप वाटलं.) हे कोणी केलंय का?

उच्चारांची काळजी नाही. जपानी 'त्सु' म्हणायला तिला कष्टच पडले नाहीत, आपल्या 'चूल' मधला च घरात असतोच. 'लिंदा लिंदा'च्या पहिल्याच ओळीत 'दोबुनेझुमी' येतो, गटारातला उंदीर, त्याच्यासारखं सुंदर व्हायचंय म्हणतो गायक. त्यातला झ 'माझा' मधलाच.

एक कडवं मराठीत म्हणायची तिची फार इच्छा होती. क्लबच्या बाईंनी समजावलं की तिकीट नाही, नफा नाही, वाजवणाऱ्यांना मानधन नाही, तर कॉपीराइट कायद्याच्या कलम 38 मुळे गाणं वाजवायला परवानगी लागत नाही. भाषांतर मात्र त्यात बसत नाही. मला बाईंचं पटलं. दोन गाण्यांच्या मधे बोलतात त्याला इथे एमसी म्हणतात, तिथे ती मराठीत नमस्कार करेल.

भर, चार दिवसांनी:

सगळ्यांचे मनापासून आभार. इतक्या तपशिलात कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

जिमखान्याच्या घुमण्याबद्दल लिहिलंत ते फार उपयोगी पडलं. लाकडी जमीन, उंच छत, त्यामुळे बारीक, जलद वाजवलेलं सगळं एकमेकांत मिसळतं आणि मोकळ्या, भरघोस कॉर्डच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. हे गिटारवाल्याला वाचून दाखवलं तेव्हा त्याने स्वतःच 'सिल्हूएट' पुढच्या वर्षावर ढकललं.

आणि "ड्रमवालीला कोणी विचारलं का?" असा एक प्रतिसाद होता. विचारलं नव्हतं. मीही तिच्याबद्दल एवढं लिहिलं, पण तिला काय हवंय हे मला माहीत नव्हतं. काल लेकीने विचारलं. तिला 'शांग्री-ला' हवंय. सुरुवात एकट्या ड्रमची आहे आणि ती तिला घरी उशीवर रोज वाजवून येते, म्हणून. आतापर्यंत ती बोलली नव्हती कारण सगळ्यात नवखी तीच.

तर मधलं गाणं 'शांग्री-ला'. मुळात बाईच्याच आवाजातलं असल्याने त्यात पट्टीचा प्रश्न तरी नाही. पहिलं गाणं ते थोडं हळू वाजवणार आहेत. मेट्रोनोम 140 वर लावून आठवड्याला चार-चार ठोके वाढवायचे, उन्हाळी सुट्टी संपताना जिथे पोचतील तो वेग पक्का.

उरला 'लिंदा लिंदा'च्या पट्टीचा प्रश्न. संथ सुरुवात मूळ पट्टीत फार खाली जाते, आणि तिथे तर आवाज एकटाच आहे. बासवाली सगळं नव्याने बसवायला तयार आहे, पण किती स्वर चढवावं ते ठरत नाही. मुलींच्या आवाजात हे गाणं बसवलेलं कोणी असेल तर लवकर सांगा, यादी शुक्रवारी द्यायची आहे.