शौलाने ऐकलं नाही, की नको त्यांचं ऐकलं?

स्पष्टवक्ता: 'देवापुढे प्रश्न नकोत' या कालच्या धाग्यावर चार ओळी लिहायला बसलो, आवरेना म्हणून हा नवा काढला. तिथलं म्हणणं असं, की बायबलमधला इस्राएलचा पहिला राजा शौल याचं राज्य गेलं (१ शमुवेल, अध्याय १५), कारण देवाने ज्यांना संपवायला सांगितलं त्या अमालेक्यांचा राजा अगाग आणि चांगली मेंढरं त्याने राखली. आज्ञा म्हणजे आज्ञा. अहो, पण आज्ञा काय होती तेही लिहा की! बायका, पोरं, अंगावरची तान्हीसुद्धा मारा. मेंढरांवर तीन परिच्छेद आणि तान्ह्यांवर एक शब्द नाही? हाच देव सदोम शहराचा नाश करायच्या वेळी अब्राहामाशी ५० नीतिमानांपासून १० पर्यंत घासाघीस करतो. तेव्हा प्रश्न चालले?

जुना करार: कालचा धागा माझाच. सदोमसाठी भांडणारा अब्राहाम स्वतःच्या मुलाला बळी द्यायला मोरियाच्या डोंगराकडे निघाला तेव्हा उलटून एक शब्द बोलला नाही, हे सोयीस्कर विसरलात. अर्धा अध्याय वाचून धागे काढू नयेत. शौल तान्ह्यांकडे बघून द्रवला असता तर मीही तुमच्या बाजूने असतो. त्याने माणसं मारली, जनावरं राखली आणि वर म्हणतो, यज्ञासाठी ठेवली. म्हणून शमुवेल संदेष्टा सुनावतो, यज्ञापेक्षा आज्ञा पाळणं बरं.

स्पष्टवक्ता: बरं, शौल दयाळू नव्हता. झालं समाधान? आज्ञा दयाळू होती हे अजून दाखवायचंय तुम्हाला.

तेल्याचा नातू: या 'आज्ञा पाळणं'साठी मूळ हिब्रू क्रियापद 'शामा', म्हणजे ऐकणे. आई 'अजिबात ऐकत नाहीस' म्हणते तेव्हा तक्रार कानांची नसते, तसंच. शौल २४व्या वचनात कबूल करतो, लोकांना भ्यालो, त्यांचं ऐकलं. तिथेही तेच क्रियापद. आमच्या बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या ज्यू, पूर्वजांकडे पोथी नव्हती, 'ऐक, हे इस्राएला' ही 'शमा' प्रार्थना तेवढी तोंडपाठ. तरी शनिवारी, विसाव्याच्या शब्बाथला, घाणा बंद, म्हणून लोक शनवार तेली म्हणायचे. धर्मनियमाप्रमाणे पर-खवले नसलेला मासा घरात येत नसे.

बांगडाप्रेमी: खवल्यांचं निघालंच आहे तर, सुरमई चालते?

तेल्याचा नातू: चालते, खवले बारीक असतात. मुशी नाही, कोळंबी नाही.

बांगडाप्रेमी: कोकणात राहून कोळंबी नाही? मोरियाचं राहू द्या, त्याग हा!

तेल्याचा नातू: दहावीत असताना मित्राकडे खाल्ली होती. आजीने वासावरून ओळखलं. बोलली काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी किद्दूशचा, म्हणजे शब्बाथच्या आशीर्वादाचा, पेला माझ्यापर्यंत आलाच नाही.

जुना करार: वाचलंत? याला आज्ञापालन म्हणतात.

स्पष्टवक्ता: हे आजीपालन झालं! आमचे साहेबही म्हणतात, सांगितलं तेवढं करा. आकडे चुकले की सही माझी. आणि तुमचा शमुवेल? शौलाला नाकारलं कळल्यावर रात्रभर देवापाशी आक्रोश करत होता. पुढच्याच अध्यायात, नवा राजा निवडायला बेथलेहेमला जा म्हटल्यावर विचारतो, कसा जाऊ, शौल मला मारेल. देव रागावला का? कालवड घेऊन जा, यज्ञाला आलो सांग, म्हणाला.

जुना करार: पण गेला ना?

स्पष्टवक्ता: विचारून गेला.

जुना करार: बरं बाबा, विचारून गेला. तुम्हीही साहेबांकडे एक कालवड मागून बघा.

बांगडाप्रेमी: माकूल?

तेल्याचा नातू: नाही.