समुद्रातलं पहिलं फ्लाय फिशिंग: बेट कोणतं, रॉड कोणता? (माणशी सव्वा लाख)

द्राक्षबाग_तासगाव
नमस्कार मंडळी. मी तासगावचा, द्राक्षाची बाग आहे. लहानपणापासून कृष्णेत आणि येरळेत गळ टाकत आलोय. मरळ, शिवडा, चिलापी, सगळं धरलंय. तीन वर्षांपूर्वी हिमाचलात तीर्थन नदीवर फ्लायवर, म्हणजे पिसं-दोऱ्याच्या हलक्या खोट्या आमिषावर, ट्राउट धरला आणि तेव्हापासून गांडुळाचा डबा उघडलेला नाही. ५ वेटचा रॉड आहे (वेट म्हणजे रॉडची ताकद, आकडा मोठा तसा रॉड दणकट).

आता एकदा खाऱ्या पाण्यात करायचंय. गुडघाभर पाण्यात उभं राहायचं, मासा आधी डोळ्यानं बघायचा आणि मग त्याच्या तोंडापुढं फ्लाय टाकायची. बोनफिश, म्हणजे उथळ खाऱ्या पाण्यातला वेगवान चंदेरी मासा, लागला तर सोनंच.

माल मार्चच्या मध्यापर्यंत उतरतो, एप्रिलमध्ये खरड छाटणी. मधल्या दिवसांत सात दिवस काढता येतात. सोबत मेव्हणा आहे, तो स्पिनिंगवाला, म्हणजे जड खोटं आमिष फेकणारा. माणशी सव्वा लाख, त्यात प्रवास, राहणं, गाईड आणि माझा एक नवा रॉड-रील. याच्यावर जाता येणार नाही. बेट कोणतं धरू? आणि रॉड ८ वेटचा घेऊ की थेट १२ चा?

साताऱ्याचा_परदेशी
भाऊ, सेशेल्स. दुसरं नाव घेऊ नका. मी तिथल्या अल्फोन्स बेटाला गेलो होतो. माहे या मुख्य बेटापासून साधारण ४०० किलोमीटर, छोट्या विमानानं जायचं, आणि शेजारीच सेंट फ्रान्स्वाचं लगून. पहिल्या सकाळी अकरा बोनफिश. तिसऱ्या दिवशी जीटी, म्हणजे जायंट ट्रेव्हली, शेपटीच्या बेचक्यापर्यंत ८४ सेंटिमीटर! १२ वेटचा रॉड, शंभर पाउंडाचा लीडर (फ्लायला बांधायचा शेवटचा दोरा), तरी हात तासभर थरथरत होता. आपल्याला व्हिसा लागत नाही, निघायच्या आधी ऑनलाइन परवानगी काढली की झालं. सव्वा लाखात बसत नाही हे खरं. पण दोन हंगाम थांबा, पैसे साठवा आणि तिथंच जा. मी तेच केलं.

मिरज_जंक्शन
त्यांनी बजेट लिहिलंय हो वर.

मालदीव करा. मुंबईहून माले तीन तासांच्या आत. व्हिसा पोचल्यावर फुकट मिळतो. रिसॉर्टकडे बघू नका, गाव असलेल्या बेटावर गेस्ट हाउस घ्या. छोट्या गेस्ट हाउसला हरित कर माणशी रोज ६ डॉलर, मोठ्या ठिकाणी १२. शुक्रवारी सुट्टी असते, त्या दिवशी सरकारी फेरी धरून चालू नका.

आमची फसगत कुठं झाली ते सांगतो. गेस्ट हाउसनं ‘फिशिंग गाईड आहे’ म्हणून दोन दिवसांचे पैसे आगाऊ घेतले. गेलो तर संध्याकाळी बोटीत बसवून हातात तंगूस आणि गळ दिला! आमचे रॉड तसेच नळीत. गाईडला आधी तीन गोष्टी विचारा: पाण्यात चालत मासेमारी करवतो का, फ्लायवर मासे धरल्याचे त्याचे स्वतःचे फोटो आहेत का, आणि तो स्वतः कास्ट करतो का. तिसऱ्यावर अडखळला की फोन ठेवा.

पॉपरवाला_कराड
अंदमान! आपला देश, आपला रुपया. मी चार वेळा गेलोय. बोटीतून पॉपर, म्हणजे पाण्यावर आवाज करत ओढायचं खोटं आमिष, फेकायचा, पाणी फुटतं आणि काळजात धस्स होतं. माझा सर्वांत मोठा जीटी २२ किलोचा. मेव्हण्याचाही प्रश्न सुटला, तो स्पिनिंगवालाच आहे. फ्लायच्या नादात हातातला मासा घालवू नका राव.

साताऱ्याचा_परदेशी
पॉपरवर जीटी धरणं वेगळं आणि फ्लायवर वेगळं. दोन्हीची बरोबरी होत नाही.

पॉपरवाला_कराड
मासा तोच आहे ना? माझा २२ किलोचा होता. तुमच्या ८४ सेंटिमीटरचं वजन किती भरलं?

खाडीकाठ
दोघांनी वेगळा धागा काढा ही विनंती.

मी म्हणतो, विमानाची गरजच काय? माझं आजोळ दापोली. कऱ्हाडातून कुंभार्ली उतरलं की तीन-चार तासांत खाडीवर. भरती लागताना तोंडाशी उभं राहायचं, जिताडा क्लाऊझर नावाच्या फ्लायवर येतो. मी ८ वेटवर धरलेत. सव्वा लाखात अख्खं वर्ष प्रत्येक रविवारी जाता येईल.

द्राक्षबाग_तासगाव
खाडीकाठ दादा, जिताड्यासाठी नक्की येणार. पण खाडीचं पाणी गढूळ, मासा दिसत नाही. मला दिसणाऱ्या माशाला टाकायचंय. आयुष्यात एकदा तरी.

सदरबझार_सातारा
दादा, तुमचं हे शेवटचं वाक्य वाचून लिहायला बसले. मी आणि माझे यजमान सहा वर्षं हे करतोय, मालदीवला दोनदा आणि मॉरिशसला एकदा. बेट तुम्ही ठरवा, मी तयारीचं सांगते.

८ वेटच घ्या. एकच रॉड परवडत असेल तर ८ किंवा ९. पहिल्या वेळी १२ वेट दिवसभर फेकून खांदा जातो, आणि जीटी दिसतो दिवसातून एकदा. चार तुकड्यांचा रॉड घ्या. पैसे रॉडवर कमी आणि लाइनवर जास्त घाला. तुमची ट्राउटची लाइन थंड पाण्याची आहे, त्या उन्हात ती मऊ पडून चिकटते आणि रिंगांतून सुटत नाही. ‘ट्रॉपिकल’ लिहिलेलीच हवी. मागे ३० पाउंडाचं बॅकिंग, म्हणजे लाइन संपली की पुढं सुटणारा बारीक दोरा, किमान १५० मीटर. बोनफिश पहिल्या धावेतच लाइन संपवून बॅकिंगपर्यंत पोचतो.

ट्राउट लागला की आपण रॉड वर उचलतो. समुद्रात ती सवय मोडायला लागते. टोक पाण्याकडंच ठेवायचं आणि डाव्या हातानं लाइन लांब ओढायची. माझे पहिले पाच बोनफिश रॉड उचलल्यामुळं गेले. पाचही मला आजही दिसतात.

वारा ही दुसरी अडचण. तीर्थनच्या झाडीत वारा नसतो, बेटावर तो थांबतच नाही. आम्ही सराव चाळकेवाडीच्या पठारावर केला, पवनचक्क्यांखाली. फ्लायच्या जागी लोकरीचा गोंडा बांधायचा, वीस पावलांवर टोपी ठेवायची आणि वाऱ्याच्या तोंडावर डबल हॉल, म्हणजे फेकताना डाव्या हातानं लाइनला दोन झटके. महिनाभर रविवारी हे केलंत तर निम्मं काम घरीच झालं.

चष्मा पोलराइज्ड, तांबूस काचेचा. काळ्या काचेतून मासा दिसत नाही, आणि तुमची तर सगळी सहल मासा दिसण्यावरच आहे. पायात जाड तळाचे बूट. पाय उचलून टाकायचे नाहीत, घासत चालायचं म्हणजे पाकट बाजूला होतात. स्टोनफिश मात्र हलत नाही, दगडासारखा पडून राहतो. काटा लागलाच तर सोसेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा आणि तडक दवाखाना. पाणी किती गरम ते दुसऱ्यानं हात घालून बघायचं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही.

आणि तारखा पंचांग बघून ठरवा. रामनवमीच्या सुमाराला भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी लहान, पाणी सुस्त. हनुमान जयंतीला पौर्णिमेचं उधाण, पाणी जोरात चढतं आणि मोठे मासे उथळात शिरतात. त्या बेटांवर पाणी मीटरभरच हलतं, पण सगळी जागाच गुडघाभर खोल, तेवढं पुरतं.

मिरज_जंक्शन
ताईंनी सगळं सांगितलं. मीही ८ वेटच म्हणणार होतो.

वारणाकाठ
मला एक कळत नाही. लाखभर रुपये घालून मासा धरायचा आणि परत सोडायचा? त्याला त्रास दिलाच ना? आमच्या घरी मासा धरला की तो ताटात येतो, वाया जात नाही.

सदरबझार_सातारा
प्रश्न रास्त आहे. आम्हीही मासे खातो, ताटातल्या माशाला माझा विरोध नाही. पण बोनफिश नावाप्रमाणं काट्यांनीच भरलेला, आणि त्या उथळातले तेच ते मासे पुन्हा पुन्हा भेटतात. म्हणून सोडतो. सोडायचं तर नीट सोडावं. गळाची उलटी आकडी आधीच चेपून टाकायची, मासा पाण्याबाहेर काढायचा नाही, फोटो पाण्यातच. दमवून सोडलेल्या माशाला शार्क लगेच गाठतो. मी तो डोळ्यांनी पाहिलाय, म्हणून शार्क आसपास दिसला की आम्ही जागा सोडतो.

वारणाकाठ
ठीक आहे. पटलं अर्धं.

रील_जाम_इस्लामपूर
रीलवर कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. मी ऑनलाइन स्वस्तातलं रील घेतलं, वर ‘सॉल्टवॉटर’ छापलेलं. तिसऱ्या दिवशी ड्रॅगमध्ये, म्हणजे रीलच्या ब्रेकमध्ये, मीठ बसलं आणि माशाच्या धावेत ते अडकलं. लीडर तुटला, मासा गेला. विक्रेत्यानं परत घेतलं नाही, तीन महिने भांडलो. ड्रॅग सीलबंद असलेलंच घ्या. आणि रोज संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा, पण जोराच्या धारेखाली नको, त्यानं मीठ आत ढकललं जातं.

पॉपरवाला_कराड
अंदमानचं परत सांगतो, वंडूरच्या राष्ट्रीय उद्यानात मासेमारी बंद आहे, तिथं रॉड काढू नका. आणि कांदळवनाजवळ पाण्यात उतरू नका, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. म्हणूनच मी बोटीत बसा म्हणतो.

द्राक्षबाग_तासगाव
सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री मेव्हण्याबरोबर बसून ठरवलं. आम्ही लक्षद्वीपला जातोय, अगत्तीला.

कारण सांगतो. मेव्हण्याचा पासपोर्ट संपलाय, म्हणजे मालदीव, सेशेल्स, मॉरिशस गेलं. अंदमानात बोटीत बसायचं, मला पाण्यात उभं राहायचंय. नकाशा बघितला तर लक्षद्वीप आणि मालदीव समुद्राखालच्या एकाच डोंगररांगेवर बसलेत, तशीच प्रवाळी कडी आणि तसंच उथळ लगून. मिरजेहून रेल्वेनं एर्नाकुळम, कोचीहून विमान. डॉलर नाही. बोनफिशची खात्री मला कुणी देत नाही, ट्रेव्हली आहेत एवढं कळलं. तेवढं बास.

मिरज_जंक्शन
इतकं सगळं सांगून लक्षद्वीप? पासपोर्ट नवा करायला किती दिवस लागतात हो?

साताऱ्याचा_परदेशी
दोन हंगाम थांबा म्हटलं होतं.

सदरबझार_सातारा
जाऊ द्या हो, छान ठरलंय त्यांचं. दादा, प्रवेश परवान्याशिवाय तिथं जाता येत नाही, त्यामुळं विमानाच्या आधी तो. अर्ज करतानाच लेखी विचारा की रॉडनं मासेमारी कोणत्या लगूनमध्ये चालते आणि सोबत स्थानिक माणूस लागतो का. फ्लायचा गाईड मिळेलच असं धरू नका. तिथले मासेमार लगूनची वाट न वाट ओळखतात, त्यांच्यातलाच एक रोजावर घ्या आणि मासा कुठून चढतो तेवढंच विचारा.

द्राक्षबाग_तासगाव
ताई, परवान्याचे कागद उद्याच काढतो. ८ वेट आणि सीलबंद ड्रॅगचं रील मागवलं, ट्रॉपिकल लाइनही. रविवारी पहाटे चाळकेवाडीला येतोय. मेव्हणा म्हणतो, ‘दाजी, टोपी माझी ठेवा.’ तुम्ही दोघं त्या बाजूला असाल तर माझा डबल हॉल एकदा बघाल का? डाव्या हाताची वेळ अजून चुकतेय.