सुराला पेशी पेटते, थेंबाला गप्प: इलेक्ट्रोड सरकला की उंदीर शिकला?

प्रश्न: उंदराला २ सेकंदांचा सूर, तो संपताच साखरपाण्याचा थेंब, रोज १०० फेऱ्या. मेंदूत घातलेल्या इलेक्ट्रोडने (पेशीचे संकेत टिपणारी बारीक तार) नोंद घेतोय. पहिल्या दिवशी डोपामिन पेशी (डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या) थेंबाला जोरात स्पाइक, म्हणजे विजेचे ठोके, देतात. चौथ्या-पाचव्या दिवशी सुराला देतात, थेंबाला जवळजवळ नाहीच. इलेक्ट्रोड सरकून पेशी हातची गेली असं समजायचं का?

उत्तर १: घाई नको. शुल्ट्झ, डायन आणि माँटेग्यू यांच्या १९९७च्या लेखात हेच मांडलंय: या पेशी बक्षीस मोजत नाहीत, अपेक्षेपेक्षा किती जास्त किंवा कमी मिळालं ते मोजतात. खात्रीसाठी मधूनच सुराशिवाय थेंब द्या. पेशी पेटली तर ती शाबूत आहे. मग काही फेऱ्यांत सूर वाजवून थेंब गाळा. थेंबाच्या ठरल्या वेळी फायरिंग (स्पाइकचा वेग) खाली जायला हवं. इथेच बहुतेकजण फसतात. मूळ वेग सेकंदाला ५ स्पाइक धरला, तर २०० मिलिसेकंदांच्या खिडकीत सरासरी एकच स्पाइक पडतो. एका फेरीत ती घट दिसणारच नाही, अशा २०-३० फेऱ्या एकत्र कराव्या लागतात. पण एका दिवसात दहातल्या एकाहून जास्त फेऱ्या गाळू नका, अपेक्षाच विरते.

उत्तर २: दुसऱ्या पट्टीतला, बक्षीस नसलेला सूरही हवा. सुरुवातीला पेशी त्यालाही थोडी उठते, कारण उंदराला फरक कळायचा असतो. आणि चाटणं तपासा! शिकलेला उंदीर थेंबाआधीच चाटू लागतो, त्या हालचालीचे स्पाइक सुराच्या खात्यावर जमा होतात. पहिल्या चाटण्याआधीचाच भाग मोजा. आणि नुसत्या स्पाइकच्या तरंगाच्या आकारावरून ‘ही कालचीच पेशी’ असंही म्हणू नका.

प्रश्नकर्ता: भीतीच्या प्रयोगात (आवाजाबरोबर शॉक) अमिग्डालातही, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी जोडलेल्या भागातही, प्रतिसाद असाच सरकतो का?

उत्तर १: तिथली गोष्ट वेगळी. पार्श्व अमिग्डालात आवाज आणि शॉक यांचे संदेश एकत्र येतात. जोड्या लावल्यावर आवाजाचा प्रतिसाद वाढतो, काही पेशींत तर १५ मिलिसेकंदांच्या आत. जोड्या न लावता तेवढेच आवाज आणि शॉक सुटे दिलेला गट ठेवला नाही, तर ही वाढ निव्वळ बिथरण्यामुळेही असू शकते.

उत्तर २: अनुमस्तिष्कात (लहान मेंदूत) तर उलटंच. पापणीच्या अभिसंधानात (खुणेवर पापणी मिटायला शिकवणं) पर्किंजे पेशी, म्हणजे खालच्या पेशींना दाबून ठेवणाऱ्या पेशी, शिकल्यावर त्या खुणेला स्पाइक द्यायच्या थांबतात. त्यांचा दाब सुटला की खालच्या केंद्रकातल्या पेशी चालू होतात आणि पापणी मिटते. म्हणून नोंदवलेल्या सगळ्या पेशींची एकच सरासरी काढू नका; वाढणाऱ्या आणि घटणाऱ्या एकमेकींना खाऊन टाकतात, आलेखावर सपाट रेघ उरते.