विषय: रविवारची न्याहारी, पोहे पुढे करताना फ्रेंचमध्ये म्हणायचं काय?

मंजू:
मंडळी, रविवारी सकाळी 9 वाजता आपल्या माँट्रियलच्या शेजाऱ्यांची न्याहारी. मागच्या खेपेला आपण काउंटरमागे नुसते हसत उभे होतो आणि लोक ट्रेकडे बघून पुढे सरकले, तसं नको. चार वाक्यं हवीत, देवनागरीत, आज रात्रीपर्यंत. कार्डं छापायची आहेत. मेनू ठरलाय तोच: पोहे, उपमा, साबुदाण्याची खिचडी, शिरा.

नाना:
मंजू, एकच वाक्य पुरे. 'सी ऑं मांझे दे पोहे?' पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये हे आमच्याकडून घोटून घेतलं होतं. 'सी'पुढे क्रियापद भूतकाळी, अर्थ मात्र सुचवण्याचा. आपण नाही का म्हणत, 'पोहे खाल्ले तर?' खाल्ले कुठे, अजून कांदा चिरायचाय! पत्रकही लिहून ठेवलंय: 9 ला प्ती देझ्यने (न्याहारी), 12:30 ला स्वयंसेवकांचं देझ्यने (दुपारचं जेवण).

श्वेता:
नाना, पत्रक छापू नका!! माँट्रियलमध्ये देझ्यने म्हणजेच न्याहारी. दुपारचं ते दिने, रात्रीचं सुपे. तुमचं पत्रक वाचून लोकांना वाटेल, आधी छोटी न्याहारी आणि साडेबाराला मोठी.

नाना:
पॅरिसमध्ये दुपारच्या जेवणालाच देझ्यने म्हणतात. शुद्ध ते शुद्ध.

रवी:
न्याहारीवरून आठवलं. बाबा पहिल्यांदा आले तेव्हा आम्ही सकाळी एका कॅफेत गेलो. मेनूकार्डावर बोट ठेवून बाबा अक्षर-अक्षर लावत होते: 'रो-ती'. चेहरा उजळला. 'अरे, इथे पोळी मिळते!' वेट्रेस म्हणाली 'रोत्सी?' (इथे 'ती'चं 'त्सी' होतं, ते ठाऊक आहेच), बाबांनी जोरात मान हलवली. बशीत आले पावाचे दोन भाजलेले तुकडे, वर लोणी. बाबांनी ते भाजीची वाट बघत गार होऊ दिले. अजून आमच्याकडे टोस्टला रोत्सीच म्हणतात.

मंजू:
रवी, छान. वाक्यं?

रवी:
हो हो. 'सा व्हू तांत, द्यू पोहा?' म्हणजे 'पोहे चालतील का?' असं. 'सी ऑं' हे घरात ठीक, आज काय करूया म्हणताना. काउंटरपलीकडच्या माणसाला 'आपण खाल्ले तर?' कसं विचारणार, आपण थोडेच त्याच्याबरोबर बसणार? ओळखीच्यांना, मुलांना 'सा त तांत-त्सु?' शेवटचा 'त्सु' म्हणजे 'तू' नव्हे, आपला प्रश्नार्थक 'का'. पण आजी-आजोबांना 'व्हू'च, म्हणजे 'तुम्ही'.

सुलभाताई:
माझी नात शाळेतून आल्यावर मलाच 'सा त तांत-त्सु?' म्हणते. मी फ्रान्सिझासियाँच्या (नव्याने आलेल्यांना फ्रेंच शिकवतात त्या) वर्गात दोन सत्रं बसले, तरी तिच्यापुढे तोंड उघडत नाही. एक शंका: 'द्यू पोहा' की 'दे पोहे'? पोहे आपल्याकडे अनेकवचनी.

नाना:
ताई, अगदी बरोबर. 'पोहा' हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी शोभतच नाही. पोहे, पुल्लिंगी, अनेकवचनी, म्हणून 'दे'. खिचडी स्त्रीलिंगी, 'द ला खिचडी'. थालीपीठ मेनूत नाही हे बरं, फ्रेंचमध्ये नपुंसकलिंगच नाही.

श्वेता:
लिंग राहू दे बाजूला. खिचडीत दाण्याचं कूट आहे! ते कुणी सांगणार आहे का? आमच्या मजल्यावरच्या मुलाला शेंगदाण्याचा कण चालत नाही, आई पिशवीत इंजेक्शन घेऊन फिरते. पोह्यांवर पण दाणे टाकतो आपण. पहिलं वाक्य हेच छापा: 'इल या देझाराशिद ददां', यात शेंगदाणे आहेत. आणि खिचडीचा डाव वेगळा ठेवा, शिऱ्यात बुडवू नका.

नाना:
शेंगदाण्याला 'काकाउएत' म्हणतात.

श्वेता:
फ्रान्समध्ये. इथे दुकानात पीनट बटरच्या बरणीवर काय लिहिलेलं असतं ते बघा. बर दाराशिद. इथल्या आईला इथलाच शब्द कळायला हवा.

मंजू:
ठरलं. कार्डावर:
'बोंझूर!' (आधी हे, मग बाकी. नुसता पळीचा इशारा करू नये.)
'व्हू व्हुले गूते?' चाखून बघणार का? (हे माझ्या शेजारणीने दिलं.)
'सा व्हू तांत, द्यू पोहा?'
'इल या देझाराशिद ददां.' लाल अक्षरात, पोहे आणि खिचडी दोन्हींपुढे.
पत्रकावर फक्त 'देझ्यने, 9 वाजता'. स्वयंसेवकांचं दुपारचं पत्रकावर कशाला, आपल्याला ठाऊक आहे.
आता मोठी कढई कुणाकडे आहे? दिवाळीनंतर गेली ती परत आलेली नाही.

नाना:
कढई माझ्याकडे. शनिवारी घेऊन येतो. 'दे पोहे' करणार असाल तर.