गरोदरपणातील लस आणि बाळ : सीमाभागातील अनुभव

गरोदर बाईने घेतलेल्या लसीमुळे पोटातल्या बाळाला इजा होते काय, हा प्रश्न बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात आजही डोहाळजेवणाच्या पंगतीत निघतो आणि त्याचे उत्तर बहुधा ऐकीव गोष्टीने दिले जाते. ऐकीव गोष्टीला तारीख नसते. म्हणून ज्यांनी लस स्वतः घेतली, दिली किंवा घरात पाहिली, त्यांनी कोणती लस, कितव्या महिन्यात आणि पुढे काय घडले, एवढे तरी लिहावे, अशी विनंती आहे. वाईट घडले असेल तर तेही लिहावे.

निवृत्त परिचारिका, खानापूर तालुका :
मी जंगलपट्ट्यातल्या उपकेंद्रात रुजू झाले, तेव्हा बाळंतपणे घरीच होत. नाळ विळ्याने कापायची आणि वर चुलीतली राख नाहीतर शेण लावायचे, ही रीत होती. अशा एका बाळाला मी सहाव्या दिवशी पाहिले. आदल्या दिवसापर्यंत नीट पिणारे ते बाळ आता जबडा उघडत नव्हते आणि नुसता स्पर्श झाला तरी ताठ होत होते. तो धनुर्वात होता. ते बाळ वाचले नाही. नवजात बाळाला धनुर्वाताची लस टोचून उपयोग नसतो, कारण शरीरात प्रतिपिंडे, म्हणजे रोगाशी लढणारे रक्तातले घटक, तयार व्हायला वेळ लागतो आणि धोका तर पहिल्या काही दिवसांतच असतो. म्हणून ती प्रतिपिंडे आईच्या रक्तात आधी तयार करून वारेमार्गे बाळाकडे पोचवावी लागतात. पूर्वी यासाठी टीटी (फक्त धनुर्वाताची लस) देत, आता टीडी (धनुर्वात आणि घटसर्प या दोन्हींची) देतात : पहिला डोस गरोदरपण कळताच, दुसरा ४ आठवड्यांनी, आधीच्या खेपेला दोन्ही डोस होऊन ३ वर्षे उलटली नसतील तर एकच पुरतो. माता व नवजात धनुर्वाताचे भारतातून निर्मूलन झाल्याचे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. त्याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यात दर १,००० जिवंत जन्मांमागे एकाहून कमी रुग्ण, इतकाच. जंतू मातीत आहेतच. दंड दुखणे, क्वचित कणकण येणे, याव्यतिरिक्त या लसीचा त्रास मी माझ्या नोकरीत पाहिला नाही.

शिक्षिका, बेळगाव शहर :
माझा अनुभव वाईट आहे, म्हणूनच लिहिते आहे. तिसऱ्या महिन्यात टीडी घेतली आणि चौथ्या दिवशी गर्भपात झाला. घरात कोणी उघड बोलले नाही, पण मोठ्या जाऊबाईंनी ‘इंजेक्शन नको म्हटलं होतं’ एवढेच म्हटले आणि ते वाक्य वर्षभर माझ्या कानात राहिले. दुसऱ्या खेपेला लस नाकारायची, असे ठरवूनच मी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वाद न घालता जुनी सोनोग्राफी मागवली. तीत गर्भाची लांबी ८ आठवड्यांपुढे वाढलेली नव्हती, हृदयाचे ठोके नव्हते, आणि लस मी ११ व्या आठवड्यात घेतली होती. वाढ सुईच्या कितीतरी आधी थांबली होती. निदान झालेल्या दर १०० गर्भधारणांपैकी साधारण १० ते २० अशाच गळतात, हेही तेव्हाच कळले. त्यातल्या काही लशीनंतरच्या आठवड्यात येणारच. दुसऱ्या खेपेला दोन्ही डोस घेतले. मुलगी आता बालवाडीत जाते. जाऊबाईंना मात्र तो कागद मी अजून दाखवलेला नाही.

बँक कर्मचारी, बेळगाव :
डांग्या खोकल्याचाही अंश असलेली टीडॅप मी खासगी दवाखान्यात २९ व्या आठवड्यात घेतली. २७ ते ३६ आठवडे हा काळ यासाठी धरतात, कारण आईची प्रतिपिंडे बाळाकडे सर्वाधिक जातात ती शेवटच्या तिमाहीत. बाळाची स्वतःची पेंटाव्हॅलंट, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरची लस, ६ आठवड्यांनी सुरू होते. तोवरची उघडी फट आईने भरायची. दोन दिवस कुशीवर झोपता आले नाही, एवढाच त्रास.

एक वडील, निपाणी :
बायकोने गोवर-रुबेलाची लस घेतली आणि पंधरा दिवसांनी कळले की ती तेव्हा गरोदर होती. ही जिवंत जंतूंची लस असल्याने गरोदरपणी देत नाहीत, त्यामुळे घरात रडारड झाली. एका नातेवाइकांनी तर गर्भ पाडण्याचा सल्ला दिला. स्त्रीरोगतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले की, चुकून घेतली गेली तर तेवढ्यासाठी गर्भ पाडण्याचे कारण नाही. मुलगा ठणठणीत आहे. टोचण्याआधी पाळीची तारीख विचारणारे कोणी असते, तर ते सात महिने शांततेत गेले असते.

गृहिणी, सासर खानापूर, माहेर चंदगड :
मला लशीने नव्हे, कार्डाने घोळात घातले. इकडचे तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या तपासण्या आणि लसींच्या नोंदींचे कार्ड, कन्नडमध्ये. सातव्या महिन्यात माहेरी गेले तेव्हा तिथल्या सिस्टरबाईंना त्यातले अक्षर लागेना आणि माझा दुसरा डोस झाला होता की नाही, हे मलाही ठाम सांगता येईना. शेवटी इकडच्या आशाताईंना फोन लावून तारीख विचारली, तेव्हा दुसरा डोस राहिल्याचे कळले आणि त्याच दिवशी तो घेतला. आता धाकटी बहीण गरोदर आहे. तिच्या कार्डावर प्रत्येक नोंदीशेजारी मी मराठीत तारीख लिहून घेते, आणि सिस्टर रागावल्या तरी लिहून घेते.