सराफ्यातला पाक, महालक्ष्म्यांची चंदेरी आणि रेशीम घरी धुण्याचा प्रश्न

रामबागची सून, इंदूर

नमस्कार मंडळी. दोन रेशमी वस्त्रांबाबत सल्ला हवा आहे. दोन्हींच्या बाबतीत थोडा घोटाळा मी आधीच करून बसले आहे, म्हणून पुढे काही करण्यापूर्वी विचारते.

पहिले वस्त्र म्हणजे गडद निळ्या रंगाचा, छापील नक्षीचा चौकोनी स्कार्फ. गेल्या महिन्यात सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जिलबी खाताना त्यावर पाकाचे दोन थेंब पडले आणि मी तिथल्या तिथे रुमाल ओला करून तेवढाच भाग पुसला. थेंब गेले, पण पुसलेल्या जागेभोवती नकाशातल्या बेटासारखी एक कड उमटली. स्कार्फ ड्रायक्लीनिंगला दिला, तर तो कडेसकट परत आला.

दुसरे वस्त्र जास्त जिव्हाळ्याचे आहे. आजेसासूबाईंची मोतिया रंगाची, जरीच्या काठांची चंदेरी आम्ही दर भाद्रपदात ज्येष्ठा महालक्ष्मीला नेसवतो. यंदा घडी घालताना पदराजवळ बोटभर रुंदीचा हळदीचा डाग दिसला. सासूबाईंचे म्हणणे असे की रेशमाला पाणी लावायचेच नाही, आणि माझ्या आईचे म्हणणे असे की रिठ्याच्या पाण्याने सगळे निघते. मी दोघींचेही न ऐकता डागाच्या एका टोकाला कपड्यांचा साबण लावून पाहिला, तर पिवळा डाग चक्क लाल झाला. तेव्हापासून साडी तशीच पलंगावर पसरून ठेवली आहे. डाग पक्का झाला का? आणि स्कार्फ घरी धुतला तर चालेल का?

लष्करची माई, ग्वाल्हेर

सूनबाई, आधी साडीचे बोलते, कारण चंदेरीच्या बाबतीत तुझ्या सासूबाईंचे म्हणणे निम्मे खरे आहे.

कच्च्या रेशमाच्या धाग्यावर किड्याने सोडलेला नैसर्गिक डिंक असतो. पैठणी किंवा बनारसी शालूसाठीचे रेशीम विणण्यापूर्वी साबणाच्या नाहीतर सोड्याच्या गरम पाण्यात उकळून तो काढून टाकतात आणि त्यामुळेच ते रेशीम मऊ व जड अंगाचे लागते. पारंपरिक चंदेरीच्या रेशमी धाग्यावरचा डिंक मात्र काढत नाहीत. तिचा पारदर्शकपणा, तिची ती किंचित कडक अंगलट आणि आतून उजेड आल्यासारखी चमक ही सगळी त्या डिंकाची देणगी आहे. आता तीच साडी तू गरम पाण्यात साबण घालून भिजवलीस, तर विणण्यापूर्वी जे मुद्दाम टाळले ते तू घरी बादलीत करशील. साडी फाटणार नाही, पण अंग सुटून लोळागोळा होईल आणि विरळ विणीतले धागे सरकतील. आमच्या घरी एका जावेने असे केले होते. त्या साडीची पुढे उशांची आवरणे झाली.

म्हणून जुनी, जरीची चंदेरी सबंध भिजवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वापरली की रात्रभर पंख्याखाली मोकळी पसरावी आणि डागापुरतेच पाहावे. ड्रायक्लीनिंगला द्यायचीच झाली, तर डाग कशाचा आहे ते दुकानदाराला तोंडाने सांगावे आणि जमल्यास चिठ्ठी टाचण्याऐवजी दोऱ्याने बांधून द्यावी.

रसायनाचा निवृत्त शिक्षक, इंदूर

ताई, डाग लाल झाला याची काळजी करू नका. त्यातून हळद पक्की झाल्याचे नव्हे, तर साबण अल्कधर्मी असल्याचे कळले. हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेच तुमच्या पदरावर झाले. मी आठवीच्या वर्गात हळदीच्या कागदावर साबणाचे पाणी टाकून हाच प्रयोग पंचवीस वर्षे करून दाखवला, पण त्याचा उपयोग साडीसाठी होईल हे कधी सुचले नव्हते.

रेशीम हे केसांसारखे आणि लोकरीसारखे प्रथिन आहे. अल्क हे प्रथिन हळूहळू कुरतडते आणि उष्णतेने तो वेग वाढतो. धुण्याचा सोडा, वडीचा साबण आणि बहुतेक धुण्याच्या पावडरी या वर्गात मोडतात. काही पावडरींमध्ये त्याहून धोकादायक घटक असतो, तो म्हणजे प्रथिने तोडणारे विकर (एन्झाइम). रक्ताचे किंवा दुधाचे डाग काढण्यासाठी ते घातलेले असते, परंतु त्याला दुधातले प्रथिन आणि रेशमातले प्रथिन यांत फरक करता येत नाही. क्लोरीनचे ब्लीच तर रेशमाजवळ आणूच नये, कारण ते धागा पिवळा करते आणि अखेर खाऊन टाकते.

तेव्हा कोणतेही धुण्याचे द्रव्य रेशमाला लावण्यापूर्वी घरच्या घरी तपासावे. चिमूटभर हळद पाण्यात कालवून पांढऱ्या कागदावर फासावी, कागद वाळवावा आणि त्यावर त्या द्रव्याच्या पाण्याचा थेंब टाकावा. कागद तांबूस झाला, तर ते द्रव्य रेशमासाठी नाही. पिवळा राहिला, तर निदान अल्काची भीती नाही. सौम्य शाम्पू आणि रिठ्याचे पाणी या परीक्षेत बहुधा उतरतात. तुमच्या आईंचे म्हणणे त्यामुळे चुकीचे नाही, फक्त रिठ्याच्या पाण्याला स्वतःचा तपकिरी रंग असतो आणि मोतिया किंवा पांढऱ्या वस्त्रावर त्याची छटा राहू शकते. ही परीक्षा विकरे ओळखू शकत नाही, त्यासाठी वेष्टनावरची घटकांची यादीच वाचावी लागते.

साडीच्या डागाचे असे करा. दोन पेले पाण्यात एक चमचा पांढरे व्हिनेगर मिसळा, कापसाचा बोळा त्यात बुडवून घट्ट पिळा आणि लाल झालेल्या टोकावर घासू नका, नुसता टेकवा. रंग पुन्हा पिवळा होईल. मग साध्या पाण्याच्या बोळ्याने तसेच करा. जरीपासून मात्र चार बोटे दूर राहा, कारण जरीत तांबे असेल तर आम्लाने ती काळवंडू शकते.

उरलेला पिवळेपणा सबंध निघेल असे आश्वासन मी देणार नाही. हळद हा रेशमाचा खराच रंग आहे, तो धाग्यात शिरतो. पण हळदीचा रंग उजेडाला फार कच्चा असतो. ऊन रेशमालाही वाईटच, तरी हळद काही तासांत फिकी होते आणि रेशमाला इजा व्हायला त्याहून पुष्कळ जास्त ऊन लागते. बाकीची साडी जाड कापडाने झाकून तेवढाच डाग सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा-अर्धा तास, चार-पाच दिवस ठेवून पाहा.

आता स्कार्फ. ड्रायक्लीनिंगमध्ये पाण्याऐवजी सेंद्रिय द्रावक वापरतात. तेल, तूप, मेण त्यात उत्तम विरघळते, साखर मात्र विरघळत नाही. तुम्ही पुसलात तेव्हा पाक पातळ होऊन बाहेर पसरला आणि ओल्या भागाची सीमा जिथे वाळली तिथे साखर, धूळ आणि कापडावरचे कांजीसारखे संस्करण साठून ती कड तयार झाली. अशी साखर कापडात राहिली तर काही महिन्यांनी पिवळी-तपकिरी पडते, म्हणून हे काम लांबवू नये. कड घालवण्याचा मार्ग म्हणजे सबंध स्कार्फ एकसारखा ओला करणे.

त्याआधी रंग सुटतो का ते पाहा. एका कोपऱ्यावर ओले पांढरे कापड दोन मिनिटे दाबून ठेवा, कापडाला निळे लागले तर घरी धुऊ नका. क्रेप किंवा जॉर्जेट असेल तरीही थांबा, कारण त्यातला कडक पिळाचा धागा पाणी लागताच आखडतो. तुमचे वर्णन वाचून साधे तिरप्या विणीचे रेशीम वाटते, त्याला हरकत नाही.

थंड पाणी, अर्धा चमचा शाम्पू आणि तीन-चार मिनिटे पुरेत. ओले रेशीम कोरड्यापेक्षा अशक्त असते, म्हणून पिळू नका. जाड टॉवेलात गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरा. शेवटच्या पाण्यात व्हिनेगरचा एक चमचा घातला तर साबणाचा अंश निघतो आणि रेशमाची सळसळ परत येते. बोअरिंगचे पाणी जड असेल, तर नर्मदेच्या नळाचे पाणी घ्या.

रामबागची सून, इंदूर

सर, माई, मनापासून आभार. हळदीच्या कागदाची परीक्षा काल केली. घरातल्या पाच द्रव्यांपैकी तीन नापास झाली आणि त्यांत ‘नाजूक कपड्यांसाठी’ असे छापलेली एक बाटलीही होती. स्कार्फने रंग सोडला नाही, म्हणून तो धुतला. कड पूर्ण गेली आहे. साडीचे लाल टोक पुन्हा पिवळे झाले असून उन्हाचा आज दुसरा दिवस आहे. डाग फिका वाटतो, पण तो माझ्या डोळ्यांचा आशावादही असू शकेल.

स्कार्फ अजून दमट आहे. इस्त्री आता करावी की वाळल्यावर? आणि साडी ठेवायची कशी? सासूबाईंच्या ट्रंकेत प्लास्टिकची पिशवी, डांबराच्या गोळ्या आणि कापूर असा सगळा सरंजाम आहे.

बडोदेकर

इस्त्री किंचित दमट असतानाच, उलट्या बाजूने आणि रेशमाच्या खुणेवर करावी. पूर्ण वाळल्यावर वरून पाणी शिंपडले तर ठिपके उठतात. स्कार्फची कड हाताने गोल वळवून शिवलेली असेल, तर तिच्यावरून इस्त्री फिरवू नका. एकदा चपटी झाली की तो गोलवा परत येत नाही.

ट्रंकेबद्दल मात्र सासूबाईंशी गोड बोलून काही बदल करावे लागतील. डांबराच्या गोळ्या आणि कापूर एकत्र ठेवले की दोन्ही एरवीपेक्षा कमी उष्णतेत वितळतात आणि मे महिन्यातल्या ट्रंकेत त्यांचा तेलकट ओघळ थेट घडीवर उतरतो. माझ्या वडिलांचा सोवळ्याचा मुकटा असाच गेला. दोहोंपैकी एकच ठेवा, तेही पुरचुंडीत बांधून आणि कापडाला न लागेल असे. कडुलिंबाचा पाला आणि लवंगा मीही ठेवतो, परंतु कसर लागलेली असेल तर त्याने ती मरत नाही. कसरीला घामाचे आणि अन्नाचे डाग असलेले रेशीम अधिक आवडते, त्यामुळे वस्त्र स्वच्छ करून ठेवणे हाच खरा बंदोबस्त.

प्लास्टिकच्या पिशवीत पावसाळ्याची दमट हवा कोंडते, म्हणून ती काढून जुन्या, धुतलेल्या, खळ नसलेल्या मलमलीत साडी गुंडाळा. खळ असली की किडे तिच्यासाठीच येतात. जुनी जरी म्हणजे बहुधा रेशमावर गुंडाळलेली चांदीची तार असते. ती एकाच घडीवर वर्षानुवर्षे दुमडली की तिथे तुटते आणि मग काठ त्या रेषेवर चिरतो. दर तीन-चार महिन्यांनी घडी मोडून वेगळ्या जागी घाला. अत्तर किंवा सेंट कधीही थेट जरीवर मारू नका.

लष्करची माई, ग्वाल्हेर

एक राहिलेच. महालक्ष्म्यांना नेसवताना टाचण्या कुठे लावतेस? त्या गंजल्या तर त्यांचा डाग हळदीपेक्षा हट्टी असतो. आम्ही निऱ्या सुती नाडीने कोठीला, म्हणजे मुखवट्याखालच्या धडाला, बांधतो आणि पदर खांद्यावर दोऱ्याच्या दोन सैल टाक्यांनी धरतो. समईकडची बाजू ठरवून पदर विरुद्ध अंगाला घेतो, म्हणजे तेलाची भीती राहत नाही. हळदीकुंकू वाहण्यासाठी पुढ्यात वेगळा ब्लाउजपीस अंथर. बायका वाहताना हात लांब करतात आणि सांडते ते नेमके पदरावर.

रामबागची सून, इंदूर

टाचण्या स्टीलच्या आहेत असे सासूबाई ठामपणे म्हणाल्या. लोहचुंबक लावून पाहिला, तर दहापैकी सहा टाचण्या पटकन चिकटल्या आणि त्यांतल्या दोन टोकाशी तांबरलेल्या निघाल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळी शिवणाच्या डब्यातून पांढरा दोरा त्यांनीच काढून ठेवला.